मूत्रपिंडाचा जुनाट दाह, व्रण आणि प्रयोगशाळेतले प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी हळूहळू निकामी होत चाललेल्या रुग्णांचे नातेवाईक, जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल मनात शंका असलेले वाचक, अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. ‘उंदीर’ हा शब्द लहान माऊससाठी वापरला आहे. मोठ्या जातीला प्रयोगशाळेत सगळे रॅट म्हणतात, म्हणून इथेही रॅटच.

मूत्रपिंडात व्रण होतो म्हणजे नेमकं काय होतं?

निरोगी मूत्रपिंडात रक्त गाळणारी एककं, म्हणजे नेफ्रॉन, अगदी दाटीवाटीने बसलेली असतात. माणसाच्या एका मूत्रपिंडात ती साधारण १० लाख असतात, उंदराच्या मूत्रपिंडात १० ते १५ हजार. नेफ्रॉनच्या दोन नलिकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बारीक रक्तकेशिका आणि मोजक्याच आधारपेशी असतात. जुनाट आजारात ही मधली जागा रुंदावते आणि तिथे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू साचतात. शेजारच्या नलिका आक्रसतात, केशिका नाहीशा होतात. डॉक्टर याला फायब्रोसिस म्हणतात. कोलॅजेन रक्त गाळू शकत नाही, आणि गेलेल्या नेफ्रॉनच्या जागी नवा नेफ्रॉन येत नाही. माणसात नेफ्रॉन तयार होण्याचं काम जन्माआधीच संपतं, उंदरात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत.

या मधल्या जागेचं महत्त्व बराच काळ कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष गाळणीच्या गुच्छांवर, ग्लोमेरुलसवर होतं. १९६८ साली लंडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या बायॉप्सी तपासल्या, तेव्हा मूत्रपिंडाची उरलेली ताकद गुच्छांच्या नुकसानीपेक्षा नलिका आणि मधल्या जागेच्या नुकसानीशी जास्त जुळते असं दिसलं. प्राण्यांवरचं पुढचं बरंचसं काम त्यानंतर या जागेकडे वळलं.

दाह तर शरीराच्या बचावासाठी असतो. मग त्यानेच नुकसान कसं होतं?

या विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

विषारी द्रव्य, तुटलेला रक्तपुरवठा किंवा तुंबलेल्या लघवीचा दाब, इजा कशानेही झाली तरी सर्वांत आधी प्रतिसाद देतात त्या नलिकांच्या अस्तरातल्या पेशी. त्या एमसीपी-१ सारखी प्रथिनं सोडतात. त्यांच्या मागावर रक्तातल्या मोनोसाइट पेशी ऊतीत उतरतात आणि मॅक्रोफेज बनतात. मेलेल्या पेशी उचलणं आणि आसपासच्या पेशींना दुरुस्तीचे संदेश देणं हे मॅक्रोफेजचं काम. इजा एकदाच होऊन थांबली, तर जिवंत राहिलेल्या नलिकापेशी विभागून अस्तर पुन्हा भरून काढतात, दाह ओसरतो आणि मूत्रपिंड बऱ्यापैकी पूर्ववत होतं.

इजा चालूच राहिली की गणित बिघडतं. दुरुस्तीचे संदेश थांबत नाहीत. त्या संदेशांतला सर्वांत बलवान रेणू म्हणजे टीजीएफ-बीटा. त्याच्या प्रभावाखाली मधल्या जागेतल्या आधारपेशी मायोफायब्रोब्लास्ट बनतात, म्हणजे कोलॅजेन विणणाऱ्या आणि आकुंचन पावणाऱ्या पेशी. घराची डागडुजी संपल्यावरही गवंडी सिमेंट ओततच राहिला तर खोल्याच बुजतील; इथे तसंच होतं. केशिका दबून नाहीशा झाल्या की नलिकांना प्राणवायू कमी पडतो, त्यातून नव्या पेशी जखमी होतात आणि त्या पुन्हा मॅक्रोफेजना बोलावतात. मूळ कारण दूर झालं तरी हे चक्र स्वतःच्या बळावर फिरत राहू शकतं.

२०१० साली बॉस्टनमधल्या एका गटाने उंदरांत आणखी एक दुवा दाखवला. जखमी नलिकापेशी विभागायला लागतात, पण काही पेशी अर्ध्या वाटेतच, प्रत्यक्ष विभाजनाच्या आधीच्या टप्प्यावर अडकतात. अशा अडकलेल्या पेशी व्रण वाढवणारी द्रव्यं सतत सोडत राहतात.

म्हणून ‘दाह वाईट’ हे विधान मला अर्धवट वाटतं. उंदरांचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून सोडला आणि दुरुस्तीच्या दिवसांत त्यांच्या मॅक्रोफेज काढून टाकल्या, तर मूत्रपिंड बरं व्हायला उलट जास्त वेळ लागतो. मात्र सतत अडथळा असलेल्या मूत्रपिंडातून मॅक्रोफेज कमी केल्या तर व्रण कमी होतो, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पेशी त्याच, पण कोणत्या दिवशी त्यांना हात लावता यावर निकाल ठरतो.

कोलॅजेन विणणाऱ्या या पेशी येतात कुठून?

यावर मोठा वाद झाला. २००२ च्या सुमारास असं मानलं जाऊ लागलं की नलिकांच्या पेशीच रूप बदलून मधल्या जागेत उतरतात आणि कोलॅजेन विणतात. कल्पना आकर्षक होती, तिच्यावर पुष्कळ संशोधन झालं. नंतर उंदरांच्या ठरावीक पेशींवर जनुकीय खूण कायमची उमटवून त्यांच्या वंशजांचा माग काढण्याची पद्धत रुळली. २०१० साली त्या पद्धतीने दिसलं की मायोफायब्रोब्लास्ट मुख्यतः केशिकांना बिलगून असणाऱ्या पेरिसाइट आणि फायब्रोब्लास्ट पेशींपासून बनतात. नलिकांच्या पेशी जागा सोडून सहसा जात नाहीत, त्या तिथूनच संदेश पाठवतात. पेरिसाइट केशिकेला सोडून कोलॅजेन विणायला गेल्या की केशिकेचा आधार जातो. व्रण होताना केशिका का हरवतात याचं एक उत्तर त्यातून मिळालं.

निरोगी प्राण्याला हा आजार प्रयोगशाळेत कसा होतो?

यासाठी अनेक पद्धती आहेत, आणि प्रत्येक पद्धत आजाराचा वेगळा तुकडा दाखवते.

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे भूल देऊन एका बाजूची मूत्रवाहिनी बांधणं. लघवी तुंबते, नलिका फुगतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच मॅक्रोफेज यायला लागतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास मायोफायब्रोब्लास्ट दिसतात, सातव्या दिवशी व्रण स्पष्ट असतो आणि चौदाव्या दिवशी त्या मूत्रपिंडाचा मांसल भाग पातळ होऊन गेलेला असतो. दुसरं मूत्रपिंड काम करत असल्यामुळे प्राणी जगतो आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून टाकतं ते टाकाऊ द्रव्य, फारसं हलत नाही. पद्धत वेगवान आणि भरवशाची आहे. पण याच कारणाने, मूत्रपिंडाचं काम किती सुधारलं हे तिच्यातून कळत नाही.

दुसरी जुनी पद्धत रॅटमधली: एक मूत्रपिंड पूर्ण आणि दुसऱ्याचा दोन तृतीयांश भाग काढायचा. उरलेल्या सहाव्या हिश्श्यावर सगळा भार येतो. काही आठवड्यांत लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, रक्तदाब चढतो आणि उरलेले गुच्छही कठीण होत जातात. माणसाच्या संथ आजाराशी ही पद्धत जास्त जुळते.

अन्नातून आजार निर्माण करायचा असेल तर ॲडेनिन वापरतात. शरीरात त्यापासून न विरघळणारं द्रव्य बनतं, नलिकांत त्याचे स्फटिक अडकतात आणि त्यांच्याभोवती दाह पेटतो. रॅटच्या खाद्यात ०.७५ टक्के, उंदरांच्या खाद्यात ०.२ टक्के एवढं प्रमाण रुळलं आहे. उंदरांना ॲडेनिनची चव-वास आवडत नाही. ते खाणंच सोडतात. मग घटलेलं वजन आजारामुळे की उपासामुळे, हे कळेनासं होतं. दुधातलं केसिन मिसळून ती चव झाकता येते.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध देऊन गुच्छांना इजा करतात. १९३० च्या दशकात जपानच्या माताझो मासुगी यांनी गाजवलेली पद्धतही अजून वापरात आहे. तिच्यात मूत्रपिंडाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं टोचून दाह सुरू केला जातो.

ॲरिस्टोलोकिक आम्लाची गोष्ट मात्र उलट्या दिशेने घडली. १९९० नंतर ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या उपचारात चिनी वनस्पतींची गल्लत झाली आणि स्टेफॅनियाऐवजी ॲरिस्टोलोकियाची एक जात गोळ्यांत गेली. शंभरहून अधिक जणांची, मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडं झपाट्याने व्रणांनी भरली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या आजाराची पहिली नोंद १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर रॅट व उंदरांना तेच द्रव्य देऊन नुकसान कसं होतं ते उलगडलं गेलं. आपल्याकडची ईश्वरी ही वेलही ॲरिस्टोलोकिया कुळातलीच आहे. ‘वनस्पती आहे, मग अपाय कसला’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला ही हकीकत सांगाविशी वाटते.

मुतखड्याने मूत्रवाहिनी अडली तर माणसातही हेच होतं का?

दिशा तीच असते, वेग वेगळा. खडा बहुतेकदा वाट अर्धवट अडवतो आणि काही दिवसांत पडतो किंवा काढला जातो, तेवढ्यात मूत्रपिंड सावरतं. उंदरांत बांधलेली गाठ लवकर सोडली तर बरीच सुधारणा होते, उशिरा सोडली तर व्रण मागे राहतो. म्हणून कळ थांबली म्हणजे खडा गेला असं समजू नये. दुखणं शमूनही अडथळा तसाच असू शकतो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली पुढची सोनोग्राफी चुकवू नका.

एकच इजा केली तर सगळे उंदीर सारखेच आजारी पडतात का?

नाही. डॉक्सोरुबिसिनने बॅल्ब-सी जातीच्या उंदरांची मूत्रपिंडं खराब होतात, सी५७ ब्लॅक ६ जातीला तेवढ्या मात्रेत फारसं काही होत नाही. याच ब्लॅक ६ ला मूत्रपिंडाचा पाच षष्ठांश भाग काढण्याची शस्त्रक्रियाही बऱ्यापैकी पचते, १२९ नावाच्या जातीला पचत नाही. रक्तपुरवठा तोडण्याच्या प्रयोगांत माद्या नरांपेक्षा सहसा कमी जखमी होतात. त्यामुळे ‘उंदरांवर सिद्ध झालं’ असं वाचलं की कोणत्या जातीवर, नर की मादी, हे आधी पाहावं.

व्रण किती झाला हे मोजतात कसं?

मूत्रपिंडाचे अगदी पातळ काप घेऊन ते रंगवतात. मॅसन ट्रायक्रोममध्ये कोलॅजेन निळं दिसतं, पिक्रोसिरियस रेडमध्ये लाल, आणि ध्रुवीकृत प्रकाशात ते चमकतं. रंगलेला भाग एकूण क्षेत्राच्या किती टक्के हे संगणकाने मोजतात. त्याला हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लाच्या रासायनिक मोजणीची जोड देतात, कारण ते मुख्यतः कोलॅजेनमध्येच असतं. मोजणारी व्यक्ती कोणता काप कोणत्या गटातला हे जाणत नसावी. हा नियम पाळला नसेल तर मी अशा आकड्यांना फार वजन देत नाही. क्रिएटिनिनचंही भान ठेवावं लागतं. त्याची जुनी जाफे पद्धत उंदराच्या रक्तातल्या इतर द्रव्यांनाही क्रिएटिनिन समजून मोजते आणि आकडा फुगतो.

टीजीएफ-बीटाच मुख्य असेल, तर तो रोखला की काम झालं नाही का?

१९९० साली तसंच वाटलं होतं. बॉर्डर, रुओस्लाहती आणि सहकाऱ्यांनी गुच्छांचा दाह झालेल्या रॅटना टीजीएफ-बीटाविरुद्धची प्रतिपिंडं दिली आणि साचणारं द्रव्य स्पष्टपणे कमी झालं. पुढे या रेणूचा संदेश पेशीत पोचवणारं स्मॅड-३ प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. मूत्रवाहिनी बांधूनही त्यांच्यात व्रण कमी झाला.

पण १९९२-९३ मध्ये टीजीएफ-बीटा-१ जन्मतःच नसलेले उंदीर जन्माला घातले गेले. ते जन्मानंतर साधारण तीन आठवड्यांत अनेक अवयवांच्या अनावर दाहाने मेले. म्हणजे व्रण घडवणारा हाच रेणू दाहाला लगामही घालतो. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांना टीजीएफ-बीटा-१ विरुद्धचं प्रतिपिंड देऊन पाहिलं गेलं. फायदा दिसत नाही म्हणून ती चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या शोधापासून या नकारापर्यंत २७ वर्षं गेली. मला ही वर्षं वाया गेलेली वाटत नाहीत, कारण एकाच रेणूवर सगळी मदार ठेवण्याचा मोह त्यातून सुटला.

मग प्राण्यांवरच्या या कामातून माणसाला प्रत्यक्ष काही मिळालं का?

मिळालं, आणि ते आज गावोगावच्या औषधांच्या दुकानांत आहे. बोस्टनमध्ये बॅरी ब्रेनर यांच्या गटाने बहुतांश मूत्रपिंड काढलेल्या रॅटमध्ये उरलेल्या गुच्छांतला दाब मोजला. गुच्छ इतके बारीक की त्यात केसाहून सूक्ष्म काचनळी घालून ही मोजणी करावी लागते. १९८१-८२ मध्ये त्यांनी मांडलं की उरलेल्या नेफ्रॉनना हा वाढलेला दाबच संपवतो. १९८५ साली एनॅलाप्रिल हे रक्तदाबाचं औषध देऊन त्यांनी रॅटमध्ये तो दाब उतरवला, आणि प्रथिनांची गळती व गुच्छांचं कठीण होणं दोन्ही कमी झालं. १९९३ मध्ये त्याच प्रकारचं औषध, कॅप्टोप्रिल, टाइप १ मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवर तपासलं गेलं. मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचा एकत्रित धोका जवळपास निम्मा झाला.

अल्पोर्ट या आनुवंशिक आजाराचंही उदाहरण आहे. टाइप ४ कोलॅजेनचं एक जनुक काढलेले उंदीर साधारण ७१ दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहानपणीच रॅमिप्रिल सुरू केलेले उंदीर सुमारे १५० दिवस जगले. २००३ साली हे जर्मनीत दिसलं. आजार फार पुढे गेल्यावर सुरू केलेल्या औषधाने तेवढं साधलं नाही.

मी किंवा घरातलं कुणी ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ गोळी घेत असेल तर?

ती रक्तदाबासाठी असली तरी मूत्रपिंड वाचवण्यासाठीही असू शकते. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून स्वतःहून बंद करू नका. जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं, गरोदरपण ठरवत असाल किंवा पोटॅशियम वाढलं असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना विचारा. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं. सांधेदुखीच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेणं टाळावं.

उंदरांत यशस्वी झालेली इतकी औषधं माणसात का फसतात?

माझ्या मते सर्वांत मोठं कारण वेळेचं आहे. प्रयोगातला उंदीर बहुधा ८ ते १० आठवड्यांचा, तरुण, एरवी ठणठणीत. त्याला मधुमेह नाही, वर्षानुवर्षांचा रक्तदाब नाही. औषध अनेकदा शस्त्रक्रियेच्या दिवशी, कधी तर आदल्या दिवशीच सुरू होतं. माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा दहा-वीस वर्षांचा आजार आणि अर्धी ताकद गेलेली असते. व्रण होऊ न देणं आणि झालेला व्रण मागे घेणं ही दोन वेगळी कामं आहेत; उंदरांतले बरेचसे प्रयोग पहिल्याचीच परीक्षा घेतात आणि जाहिरात दुसऱ्याची होते. वय झालेले प्राणी वापरणं, औषध उशिरा सुरू करणं, नर-मादी दोन्ही घेणं आणि किमान दोन वेगळ्या पद्धतींत तपासणं, यांनी ही दरी कमी होते. अशा अभ्यासाला वेळ आणि पैसा जास्त लागतो. तरीही तो व्हायलाच हवा, नाहीतर त्या प्राण्यांचे जीव कशासाठी घेतले याला उत्तर उरत नाही.

प्रयोग न करताही प्राण्यांना हा आजार होतो का?

होतो. प्रयोगशाळेतले रॅट, विशेषतः नर, वय वाढतं तसे आपोआप मूत्रपिंडाच्या एका संथ आजाराने ग्रासले जातात. कमी खाणं दिलं तर तो मागे पडतो. नव्या रसायनाची दोन वर्षांची विषारीपणाची चाचणी करताना, मूत्रपिंडाचं नुकसान रसायनामुळे की या आजारामुळे हे ठरवणं डोकेदुखीचं होतं. म्हाताऱ्या मांजरांतही नलिकांभोवतीचा दाह आणि व्रण फार आढळतो. पाळलेलं मांजर अचानक खूप पाणी प्यायला लागलं, तर पशुवैद्याला दाखवा.

कोकणात दर पावसाळ्यात डोकं वर काढणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही इथे संबंध आहे. त्याचे जंतू रानातल्या-घरातल्या उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडाच्या नलिकांत मुक्काम करतात आणि लघवीतून चिखलात उतरतात. तो प्राणी मात्र आजारी दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांना हा संसर्ग दिला आणि ते वाचले, तर जंतू मूत्रपिंडात टिकून राहतात आणि पुढे तिथे व्रण तयार होतो.

प्राण्यांना होणाऱ्या वेदनांचं काय? यावर कुणाचं नियंत्रण असतं का?

वेदना होतात, हे आधी मान्य करायला हवं. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे. तिला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत प्रयोगासाठी प्राणी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची तिथे नोंदणी आणि संस्थेत स्वतःची नीतिमत्ता समिती लागते. त्या समितीत पशुवैद्य, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ आणि विज्ञानाबाहेरची एक सामाजिक भान असलेली व्यक्ती असते. किती प्राणी, का, भूल आणि वेदनाशामक कोणतं, प्राणी किती खालावला की प्रयोग थांबवायचा, हे सगळं आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. पर्याय शोधणं, संख्या घटवणं आणि यातना कमी करणं ही तीन सूत्रं रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. नियमांच्या मुळाशी तीच आहेत.

प्राण्यांशिवाय हे काम होऊ शकत नाही का?

काही भाग होतो. २०१५ पासून मानवी मूलपेशींतून मूत्रपिंडाचे सूक्ष्म गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवता येतात. नलिकापेशीवर विषाचा परिणाम पाहायला ते उपयोगी आहेत. पण त्यांत वाहतं रक्त नाही आणि रक्तातून उतरणाऱ्या मॅक्रोफेज नाहीत, म्हणजे या गोष्टीतलं मुख्य पात्रच नाही. मार्च २०२३ मध्ये भारताच्या नवीन औषध नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांना जागा मिळाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एकदा झालेला व्रण पुसला जाऊ शकतो का?

काही प्रमाणात, आणि फार सावकाश. टाइप १ मधुमेहाच्या आठ रुग्णांचं स्वादुपिंड प्रत्यारोपण झालं आणि त्यांची साखर कायमची आटोक्यात आली. त्यांच्या मूत्रपिंडाच्या बायॉप्सीत पाच वर्षांनी काहीच फरक नव्हता. दहा वर्षांनी मात्र जाड झालेले पडदे आणि साचलेलं द्रव्य ओसरलेलं दिसलं. हे १९९८ साली प्रसिद्ध झालं. मूळ कारण पूर्ण थांबलं होतं आणि वेळ मिळाला होता, म्हणून ते शक्य झालं.

प्राण्यांत याहून थक्क करणारं उदाहरण आफ्रिकेतल्या काटेरी उंदराचं, अकोमिसचं आहे. शिकाऱ्याने पकडलं तर तो कातडी सोडून पळतो आणि ती व्रण न राहता पुन्हा उगवते, हे २०१२ साली दाखवलं गेलं. मग त्याचं मूत्रपिंड तपासायचं ठरलं. मूत्रवाहिनी बांधणं आणि रक्तपुरवठा तोडणं या दोन्ही इजा साध्या उंदराला आणि काटेरी उंदराला केल्या गेल्या. साध्या उंदराचं मूत्रपिंड व्रणाने भरून आक्रसलं, तर काटेरी उंदराच्या मूत्रपिंडात व्रण झाला नाही आणि रक्तपुरवठा तुटल्यानंतर गेलेली ताकदही परत आली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इजेनंतर पहिल्या काही दिवसांत या दोन प्राण्यांची कोणती जनुकं वेगळी वागतात, याची तुलना आता चालू आहे.